टेपवरची जागा

आर्ने स्टेनर्सनऐवजी त्याची बायको टेबलापाशी आली, तेव्हा डार्याला आधी हायसंच वाटलं. आर्ने आला असता तर चार लोकांत काहीतरी टोचून बोलला असता, आणि या वर्षी तर त्याला कारणही होतं.

विनिपेगच्या हॉटेलात मंडळाचं वार्षिक संमेलन भरलं होतं. कपाटाएवढ्या जुन्या मिनी-संगणकांवर काम करणारी ही सगळी माणसं. कुणी इस्पितळातलं, कुणी कागद गिरणीतलं, कुणी धान्याच्या सहकारी संस्थेतलं. कंपनीने ही यंत्रं बनवणं केव्हाच सोडलं होतं, त्यामुळे एकमेकांशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता. ज्याने जो उपयोगी प्रोग्रॅम लिहिला असेल तो त्याने डार्या कोस्टिउककडे पाठवायचा. ती ते सगळे चालवून बघायची, बारीकसारीक चुका स्वतःच सुधारायची, एका चुंबकीय टेपवर चढवायची, आणि संमेलनात त्या टेपच्या प्रती सगळ्यांना फुकट वाटायची. चूक सुधारल्याचं ती कुणाला सांगायचीही नाही. या कामाचा तिला अभिमान होता.

आर्ने यॉर्कटनच्या धान्य संस्थेत होता. कामात हुशार, जिभेने तिखट. मागे एका संमेलनात, भरल्या सभेत, तो डार्याच्या, याद्या क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल म्हणाला होता, "नावं अगदी अचूक लावतो हो. फक्त सुरू करून आपण जेवून यायचं." सगळे खो खो हसले. डार्याही हसली. पण ते तिच्या मनातून गेलं नाही.

यंदा हिवाळ्यात त्याचा एक प्रोग्रॅम आला. पडद्यावरची अक्षरं चौपट मोठी करून दाखवणारा. जुन्या पडद्यांवर नीट चालतो, नव्यांवर ओळी एकमेकींवर चढतात, कुणीतरी बघावं, एवढंच त्याने कळवलं होतं. डार्याने तो आपल्या ऑफिसातल्या नव्या पडद्यावर चालवला. हातातली कॉफी निवायच्या आत तिला चूक दिसली. एकच आकडा बदलायचा होता. दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम असता तर तिने तो तिथल्या तिथे बदलला असता. पण हा आर्नेचा होता. एवढा शहाणा आहे ना, शोधू दे त्यालाच, असं म्हणून तिने तो बाजूला ठेवला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्याचा फोन आला. टेपवर माझ्या प्रोग्रॅमला जागा झाली का, असं त्याने विचारलं.

"टेप भरली रे यंदा," ती म्हणाली.

"एवढासा तर आहे तो."

"आणि चौपट अक्षरं हवीत कुणाला, आर्ने? बालवाडीतल्या पोरांना?"

तो म्हणाला, "असेल कुणाला गरज. बघ, जमलं तर."

त्याने इतकं नमतं घेतलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. टेपवर उरलेल्या जागेत तिने कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा, एक संगणकी खेळ घातला.

त्याची बायको लॉरेन अंगातला कोट न काढताच उभी होती. सकाळच्या बसने आली होती. आर्नेच्या नावची टेप न्यायला त्यानेच पाठवलं, त्याच्या जागी ज्या बाई आल्यात त्यांना ती उपयोगी पडेल म्हणाला, असं तिने सांगितलं.

"त्याच्या जागी? आर्नेने काम सोडलं?" डार्याने विचारलं.

लॉरेनने सगळं सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. त्याची दृष्टी कितीतरी दिवसांपासून जात होती. ऑफिसात त्याने कुणाला कळू दिलं नाही. मोठ्या अक्षरांचा तो प्रोग्रॅम त्याने स्वतःसाठीच लिहिला आणि त्यावर निभावून नेत राहिला. मग वसंतात ऑफिसने उरलेसुरले जुने पडदेही काढून नवे आणले. त्यांवर सगळी गिचमिड. रोज धडपडायचा बिचारा, पण चूक शोधायची तर आधी अक्षरं वाचता यायला हवीत. उन्हाळ्यात राजीनामा दिला.

डार्या खुर्चीतून उठली. "तो प्रोग्रॅम माझ्याकडे आहे," ती घाईघाईने म्हणाली. "मी दुरुस्त करून देते. आजच. तुमची बस सुटायच्या आत देते."

"आता राहू द्या," लॉरेन म्हणाली. "आता अक्षर कितीही मोठं केलं तरी त्याला दिसत नाही."

डार्याने टेप तिच्या हातात दिली. लॉरेनने टेप पिशवीत जपून ठेवली, निघाली, आणि पुन्हा वळली.

"एक विचारू? मला यातलं काही कळत नाही. पण त्याच्या डोक्यातून ते जातच नाही. म्हणतो, टेप भरली हे नुसतं निमित्त होतं; डार्याच्या नजरेतून चूक कधी सुटत नाही. तिच्याही हाती लागली नाही, म्हणजे माझ्या हाती लागणं शक्यच नव्हतं. खरंच इतकं अवघड होतं का हो ते?"

मागे रांगेत माणसं खोळंबली होती. लॉरेन उत्तराची वाट बघत होती.

"हो," डार्या म्हणाली. "फार अवघड होतं."

"सांगते त्याला," लॉरेन म्हणाली. तिचा चेहरा जरा उजळला. "तुम्ही स्वतः सांगितलंत म्हटल्यावर त्याला बरं वाटेल."