पत्ता नगं मला

“पत्ता मिळणार नाही,” एंजेला मॅडम म्हणाल्या. “आईला नाही, बापाला नाही, देव आला तरी नाही.”

“पत्ता नगंच मला,” रतनबाई म्हणाली. “डबा तेवढा पोचवा.”

श्रीगोंद्याकडून सकाळच्या एसटीनं ती नगरला आली होती. वाटभर डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. आत डिंकाचे लाडू. तिच्या लेकीला, भारतीला, सातवा महिना लागला होता.

भारतीनं सम्राटशी, म्हणजे दुसऱ्या जातीतल्या पोराशी, पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा तिचे भाऊ आणि चुलते कोयते घेऊन गावोगाव हिंडले होते. एंजेला मॅडमच्या या संस्थेनं दोघांना लपवलं म्हणून ती जगली. कुठं लपवलं, ते पुण्याच्या एका कंप्युटरच्या पोटात होतं. नगरात बसून त्याला विचारायची सोय एकट्या एंजेला मॅडमना होती, आणि ही बाई एकदा नाही म्हणाली की नाहीच.

“दिवस गेल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मैत्रिणीला फोन केल्ता तिनं. आईच्या हातचं खावंसं वाटतंय म्हनली.” रतनबाईनं डबा पुढं सरकवला. “आता तुमीच सांगा, आईनं काय करायचं?”

मॅडमनी आधी खिडकीतून रस्ता पाहिला. जीप नव्हती, माणसं नव्हती. मग डबा उघडून लाडू वर-खाली केले. “चिठ्ठी-बिठ्ठी?”

“मला कुठं लिवता येतंय, बाई.”

तुपाचा घमघमाट सुटला होता. सकाळपासून मॅडमच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सहज त्या लाडवाचा तुकडा मोडायला गेल्या, तोच रतनबाईनं त्यांचं मनगट धरलं.

“नगा. म्हायेरचं हाय. पोटुशीच्या आधी दुसऱ्यानं उष्टं करू न्हाई.”

मॅडम ओशाळल्या. झाकण लावून त्या कंप्युटरकडे वळल्या. पुण्याच्या कंप्युटरशी जोडणी होताना फोनच्या तारेतून किंकाळ्या फुटल्या आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. ना चित्र, ना रंग. एकेक हुकूम टाइप करायचा आणि वाट बघायची. हा प्रोग्राम नुकताच पुण्याहून फ्लॉपीवर आला होता आणि मॅडमना त्याचं भलतंच कौतुक होतं.

“मध्ये तारेला कुणी कान लावला ना, तरी त्याला नुसता काला मिळेल,” त्या म्हणाल्या. “आधी हा पलीकडच्याची ओळख पटवतो, मग पलीकडचा माझी. त्याशिवाय दार उघडत नाही.”

“मान्सापरीस बरा की मग,” रतनबाई म्हणाली, आणि कुणी सांगायच्या आधीच भिंतीकडे तोंड करून बसली.

मॅडमना भरून आलं. एरवी येणारे माना उंच करकरून पडद्यात डोकावायचे. ही बिचारी पाठ करून बसली होती.

त्यांनी परवलीचा शब्द दिला, भारतीचं नाव टाकलं आणि आलेलं मनातल्या मनात वाचलं. पत्ता कळला. तो रतनबाईच्या कानी जाणार नव्हता.

“बरी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. खरं तर एवढंही सांगायचं नव्हतं. “दोघंही बरी आहेत.”

रतनबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडू काही केल्या थांबेना. ते रडू खरं होतं. नऊ महिने पोटात वाढवलेली लेक होती ती.

“जावयालाबी दे म्हनाव त्यातला,” नाक पुसत ती म्हणाली. “आमचा राग गेला म्हनाव. सुंठ जरा जास्त पडलीया, पर खा म्हनाव.”

“उद्या आमची गाडी तिकडं जाते. मी स्वतः ड्रायव्हरच्या हातात देते. मग तर झालं?”

“लई उपकार झालं, बाई.”

दिवस कलता कलता ती वस्तीवर पोचली. नवरा, आसाराम, गोठ्यापुढं वैरण तोडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“घेतला?”

“घेतला. उंद्या पोचंल.” चपला काढून रतनबाईनं रांजणाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात चोळून धुतले. ओट्यावर सुनेची लेकरं खेळत होती. धाकट्याला कडेवर उचलून तिनं त्याचा मुका घेतला.

“आन् त्ये उरल्यालं उंदराचं औशीद माळ्यावर टाका आधी,” ती नवऱ्यावर खेकसली. “चुलीपशी तसंच पडलंय, लेकरांनी तोंडात घातलं म्हंजी?”