नळाला रोज पाणी

पडेगावात कालिंदीताईंच्या नळाला सोमवारी पाणी यायचं आणि मागच्या गल्लीतल्या शकीलाच्या नळाला गुरुवारी. ज्या घरी पाणी, त्या घरचा पाइप भिंतीवरून पलीकडं जायचा, आणि भिंतीला कोपर टेकून दोघींच्या गप्पांना ऊत यायचा. शकीलाच्या लेकीची, आमरीनची बारावी, कालिंदीताईंचे गुडघे, सगळं त्या पाण्यासोबत इकडचं तिकडं व्हायचं.

मग नवी पाइपलाइन आली आणि नळाला रोज पाणी आलं. दोन्ही गल्ल्यांत पेढे वाटले गेले. भिंतीकडं मात्र कुणी फिरकेना. कालिंदीताईंना घरात बोलायला मधुसूदनराव होते. पण ते टीव्हीशी बोलायचे.

ताईंनी बरेच दिवस कळ काढली. शेवटी एका सकाळी त्यांनी आपल्याच नळाचा कॉक बंद केला आणि रिकामी बादली घेऊन भिंत गाठली.

"अगं शकीला, आमच्याकडं आज थेंब नाही बघ. तुझ्याकडं आलंय का?"

.

.

आपल्या गच्चीवरच्या भरून वाहणाऱ्या टाकीकडं पाठ फिरवत शकीला म्हणाली, "नाय ना, ताई! मी बी कवापासून वाटच बघतेय."