केळ्याचा वास

"हीच! पिकलेलं केळं!" मामांनी डाव्या हातातली बाटली तिच्यापुढे ठेवली आणि पहिला नंबर आलेल्या पोरासारखे हसले.

तिला हसता आलं नाही. दोन्ही बाटल्यांत नुसतं पाणी होतं.

कारखान्याच्या मागच्या अंगाला, भंगाराच्या ढिगापलीकडे, तिची खोली. भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांवर रबरी मास्क. सत्तावन्न मास्क नि ती एकटी. दिवसभर ती एकेक उतरवायची. पट्टे ताणून बघायची, झडपा उजेडाला धरायची, रबराला कुठे चीर गेलीय का ते बोटांनी चाचपायची. मग तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं एकेकाला कोमट पाण्यात धुवायची. लोक खिडकीतून मास्क आत टाकत आणि खिडकीतूनच घेऊन जात. तिचा चेहरा कुणी धड पाहिला असेल की नाही, देव जाणे.

थांबायचे ते एकटे मामा. रंगखात्यातले सगळ्यांत जुने रंगारी. "पोरी, जेवलीस का?" एवढंच विचारायचे. पण विचारायचे. आणि जाता जाता पाठ थोपटायचे, "तू दिलेला मास्क म्हणजे बघायला नको. आत थिनरचा काडीचाही वास नाही!" तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

आपला मास्क ते तिला धुवू द्यायचे नाहीत. "तू छप्पन्न धू, माझा एक मी धुतो. हात आहेत मला." स्वतःच धुऊन, पुसून, खिडकीतून दाखवून न्यायचे. नियमात बसत नव्हतं ते. तिने लाडाने चालवून घेतलं होतं.

यंदा वार्षिक तपासणी पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती, म्हणून काल तो मास्क तिच्या हातात राहिला. तिने सवयीने नाकाशी नेला आणि खाडकन मागे घेतला. डोळ्यांत पाणीच आलं. रबराच्या आतसुद्धा थिनर मुरला होता.

बाकीचे रंगारी आठ-दहा दिवस झाले की खिडकीशी यायचे. "आतून वास मारतोय, डबे बदल." आतून वास आला की फिल्टरचे डबे संपले, अशी रंगखात्याची रीत. मामा शेवटचे कधी आले होते? तिने वही उघडली. तीन महिने झाले होते. माणूस जपून वापरतो, असं वाटून तिला उलट कौतुकच वाटलं होतं. असा मास्क दुसऱ्या कुणी मिनिटभर तोंडावर ठेवला नसता. मामा तो रोज आठ तास लावत होते.

तपासणीत आधी नाक बघायचं असतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीच्या पाण्यात केळ्याच्या वासाच्या तेलाचा अंश. वास कुठल्या बाटलीला, ते सांगायचं. नाकच चालत नसेल तर मास्क गळतोय हे माणसाला कळणार कसं? आज तिने मुद्दाम दोन्हींत पाणी भरलं होतं. मामांनी "दोन्ही सारख्याच गं" म्हणावं म्हणून मनात धावा करत होती.

"मामा, खरं सांगा. वास आला?"

"आला म्हणजे..." मामांनी डोकं खाजवलं. "इतका बारीक वास कुणाला येतो गं? सगळे अंदाजच ठोकतात. दोनातली एक. मी तर दर वर्षी पास होतो!"

तिने कपाटातून तेलाची मूळ बाटली काढली आणि बूच उघडून टेबलावर ठेवली. खोली भरून गेली. बाहेरून हातगाडी ढकलत जाणारा हमाल ओरडला, "ओ ताई, एकट्याच केळी खाताय होय? आम्हाला पण द्या की एखादं!"

मामा हमालाकडे बघून हसले. मग तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या बाटलीकडे.

"काय आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

तिने पेन उचललं. हा एक माणूस खिडकीशी थांबायचा, तोही आता थांबणार नव्हता. कोण कशाला येईल पोटावर पाय आणणारीकडे? तरी तिने लिहिलं. नापास.

"मामा, आजपासून तुम्हाला रंगखात्यात सोडता येणार नाही. आधी डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. मामा चिडले नाहीत. त्यांनी तेलाची बाटली दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कधीपासून असेल हे?"

"हळूहळू गेलं असणार. वर्ष. दीड वर्षसुद्धा."

"म्हणजे वास असतो. मलाच येत नाही."

"हो, मामा."

त्यांनी बूच लावलं. फिरवून फिरवून घट्ट लावलं. बराच वेळ बाटलीवरचा हात काढला नाही.

"तुझी मामी गेली ना, त्याला दोन वर्षं झाली. तिची शाल तशीच ठेवली होती मी. उशीखाली. धुवायला म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. आधी आधी यायचा वास तिचा. मग कमी कमी होत गेला. म्हटलं, उडाला. वासच तो, किती दिवस टिकणार?" मामांनी वर पाहिलं. "परवाच्या रविवारी साबण लावून धुतली गं मी ती."