पावणेपंधरा दिवसांचा ग्रह

ब्राह्मीने ताऱ्यावरचे डाग पुन्हा एकदा गणितातून काढून टाकले. तरी ग्रह जागेवरच होता. दर पावणेपंधरा दिवसांनी तारा एकदा पुढेमागे डोलत होता. पृथ्वीच्या नऊपट वजनाचा कुणीतरी त्याला ओढत असल्याशिवाय तो एवढा डोलणार नव्हता.

पण परदेशातल्या एका दुर्बिणीने दोन वर्षं तोच तारा पाहिला होता आणि त्यांना हा डोल सापडला नव्हता. साताऱ्याहून तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक उदयसिंह सर यांचा सकाळीच फोन आला होता. संध्याकाळी सातपर्यंत कारण द्यायचं, नाहीतर ग्रह मागे घ्यायचा. ग्रह मागे घेतला तर चार वर्षांच्या प्रबंधात नुसतं मुखपृष्ठ उरणार होतं.

आता सहा वाजत आले होते. सांगलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलाशी ती सकाळपासून बसून होती. तारा मुळात तापट. चुंबकत्वाने त्याच्या अंगावर डाग उठायचे, डाग फिरले की तारा डोलल्याचा भास व्हायचा. त्यात ते चुंबकत्व वर्षागणिक सावकाश चढत चाललेलं. हे सगळं तिने वजा केलं होतं. चंद्रप्रकाशाची भेसळ तर पहिल्याच वर्षी तपासली होती. ती नव्हती. मग तिच्या आकड्यांत असं काय होतं, जे त्यांच्या आकड्यांत नव्हतं?

समोर अण्णा जेवत होते. हळदीच्या पेठेतून नुकतेच आलेले, नखं अजून पिवळी. लेक न दिसणाऱ्या मालाचं वजन काढते, हे त्यांनी पेठेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. केरबा हमाल तर रोज विचारायचा, पोत्याचं वजन वजा धरती का न्हाई तुमची लेक? अण्णा ते घरी येऊन सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आज त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि खाली बघून जेवत राहिले.

आई, राजमती, दारात येऊन उभी राहिली.

"दिस बुडाय आलाय. बंद कर ते. आज चतुर्दशी हाय."

"आजचा दिवस राहू दे, आई. सातला उत्तर द्यायचंय."

"चार वरसांत एकदाबी चुकली न्हाईस. आजच का?"

ब्राह्मीची नजर आईच्या मागे भिंतीवर गेली. तिथे कॅलेंडर होतं. आईने अष्टमी आणि चतुर्दशीला लाल गोल केलेले होते, दर पंधरवड्यात दोन.

चार वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात अण्णांची छाती उघडली होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तिनेच हा नेम घेतला होता. अण्णा वाचले तर पर्वतिथीला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, उपास, आणि दिवस बुडाल्यावर यंत्राला हात नाही. सोडायचं तर जे सोडवत नाही तेच सोडावं, असं तिला वाटलं होतं. अण्णा वाचले. डोंगरावरची दुर्बीण रोज संध्याकाळी तिच्या लॅपटॉपवरून हुकूम घ्यायची. पर्वतिथीला हुकूम जायचा नाही. त्या रात्री तारा बघायचा राहायचा. नोंदीत ढगाळ रात्रींच्या कोऱ्या जागा होत्या, त्यात ह्याही मिसळून गेल्या.

आणि तिथींचा पंधरवडा पावणेपंधरा दिवसांचाच असतो. तिने एक बनावट तारा मांडला. डाग नाहीत, ग्रह नाही, नुसतं सावकाश चढणारं चुंबकत्व. मग कॅलेंडर बघत त्याच्या चार वर्षांतून अष्टमीच्या आणि चतुर्दशीच्या रात्री पुसल्या. त्यावर तेच वजाबाकीचं गणित चालवलं.

पावणेपंधरा दिवस. पृथ्वीच्या नऊपट.

अंगणातलं ऊन भिंतीच्या माथ्यावर गेलं होतं. तिने सरांना चार ओळी लिहिल्या. ग्रह नाही. दर पंधरवड्यात ठरावीक दोन रात्री मी तारा पाहिला नव्हता, त्या कोऱ्या जागांमुळे चुंबकत्वाचा चढ नीट वजा झाला नाही, तो डोल त्यातून आला. चूक माझी आहे. ग्रह मागे घेते.

दिवस बुडायच्या आत तिने लॅपटॉप मिटला. आईचा जीव भांड्यात पडला. पोरीने आजही नेम मोडला नाही, एवढंच तिला कळलं होतं.

अण्णांनी ताटात हात धुतला. वाकले तसा बंडीच्या गळ्यातून छातीवरचा लांब व्रण वर आला. हात पुसता पुसता त्यांनी भीत भीत विचारलं, "मग, किती भरलं शेवटाला?"

ब्राह्मी त्या व्रणाकडे बघत राहिली.

"नऊ पृथ्व्यांएवढं, अण्णा."