अर्धवेळ मास्टर

एकचा ठोका पडला तसे शिंपीबाबांनी गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली. मागच्या दाराने बाहेर पडले, दुकानाला वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर ऐसपैस बसले.

“बाबा, आता हे काय?” मशीनवरून मुलाने विचारलं.

“मी अर्धवेळ झालोय. एकपर्यंत मास्टर, पुढे गिऱ्हाईक.”

अर्धवेळाचं हे खूळ त्यांनी स्वतःच काढलं होतं, सोमवारी सकाळी, चहा पिता पिता. सुनेने शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगितला होता. निम्मा दिवस काम, उरलेला घरी आराम. त्यातलं निम्मंच त्यांनी मनावर घेतलं.

मुलाची मात्र पंचाईत झाली. बावीस वर्षं तो शिलाई मारत होता, काजं करत होता, पण कापडाला कात्री लागायची ती बाबांचीच. शिलाई उसवता येते, चुकून कापलेलं कापड वायाच जातं. म्हणून चाळिशी उलटली तरी त्याला कापायला मिळालं नव्हतं. रोज मनात यायचं, एकदा तरी. आता दुपारी कात्री समोर मोकळी पडलेली असायची आणि हात धजावत नव्हता. तो कापडं सकाळसाठी ठेवायचा. सकाळी बाबा म्हणायचे, “दुपारी बघू.” गुरुवारपर्यंत न कापलेल्या कापडांचा चांगला ढीग झाला. म्हातारा आपली परीक्षा घेतोय, चुकण्याची वाट बघतोय, याबद्दल मुलाला शंकाच उरली नाही. वर बाकावरून टोमणे चालूच होते.

“इथले कारागीर फार निवांत आहेत बुवा!”

शुक्रवारी दुपारी बाबा पुढच्या दाराने आले ते काखेत पुडकं घेऊन. आतलं राखाडी कापड त्यांनी टेबलावर पसरलं. चांगलं भारीतलं होतं.

“शर्ट शिवायचाय, मास्टर.”

मास्टर! बाबांच्या तोंडून स्वतःसाठी हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला भरून आलं आणि धडकीही भरली.

“एवढं महागाचं कापड! बाबा, उद्या सकाळी तुम्हीच कापा ना.”

बाबांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग जवळ सरकून, आवाज खाली आणत म्हणाले, “कुणाला सांगू नका मास्टर, पण तुमच्या सकाळच्या कारागिराला हल्ली खडूची रेघ दिसत नाही.”