चिकटपट्टीचं घर

घर बांधायच्या आधी मी ते गोदामाच्या फरशीवर चिकटपट्टीने खऱ्या मापात आखतो, पुठ्ठ्याची कपाटं मांडतो आणि गिऱ्हाइकाला दिवसभर त्यात राहायला लावतो. बांधलेली भिंत पाडण्यापेक्षा पट्टी उपटणं सोपं. लोक आधी हसतात. तासाभरात पुठ्ठ्याच्या ओट्याला टेकून खरंखुरं भांडायला लागतात.

या नवरा-बायकोचं भांडण एका खोलीवरून होतं. तिला स्वतःपुरती एक लहानशी खोली हवी होती, दार असलेली. "दोन माणसांच्या घरात दार कशाला? त्यापेक्षा हॉल मोठा करा," हे त्याचं सकाळपासूनचं पालुपद. मी ती खोली आखून ठेवली होती; नको ठरलं तर संध्याकाळी पट्टी काढून टाकणार होतो.

दुपारी शब्दाने शब्द वाढला. ती ताडकन उठली, त्या चौकोनात गेली, हवेतच दार ओढून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसली. तिचे खांदे हलताना आम्हाला स्पष्ट दिसत होते. तो तिच्या मागोमाग गेला आणि पट्टीपाशी येऊन थबकला. बराच वेळ तिथेच उभा.

शेवटी मीच वैतागून म्हटलं, "अहो, जा की आत! तिथे ना भिंत आहे, ना दार."

"कसा जाऊ?" तो हळू आवाजात म्हणाला. "तिने आतून कडी लावलीय."