दोन शिंका

सोमवारी बाळ खोकलं, बुधवारी त्याला उचकी लागली आणि आज शुक्रवारी ते चक्क दोनदा शिंकलं, म्हणून त्याची आई पुन्हा दवाखान्यात हजर झाली. नर्सबाईंनी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं.

"अगं बाई, पोर ठणठणीत आहे! आता थेट महिन्याने लस टोचायला ये."

"महिन्याने?" तिचा चेहरा पडला. "दिवसभर घरी आम्ही दोघंच असतो हो. आणि हा तर काही बोलतच नाही."

"अडीच महिन्यांचा आहे तो!"

"हो ना."

नर्सबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. बाळाच्या कार्डावर लशीची तारीख घातली आणि एक कोरा केसपेपर पुढे ओढला.

"हं, आता तुझं नाव सांग. आणि सोमवारी ये. बाळ शिंकलं नाही तरी चालेल."